गाभ्यातलं आंबट

आई विचारते, महाप्याच्या लॅबमध्ये
दिवसभर तू बघतेस तरी काय.
मी म्हणते, न्यूक्लिक ॲसिड.
"ॲसिड? मोरीत टाकतात तं?"

नाही गं. थांब, नाव फोडून सांगते,
तू चिंबोरी फोडतेस तसं, नांगीपासून.

न्यूक्लिक म्हणजे न्यूक्लियसमधलं.
न्यूक्लियस हा दूरदेशीचा जुना शब्द, अर्थ साधाच:
कवचाच्या आतला गर.
आपल्या पुस्तकांनी त्याचं केंद्रक केलं,
भूमितीच्या तासाला नेऊन बसवलं बिचाऱ्याला.
मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गाभा.
गाभा, गाभण, गाबोळी.
तुझ्या पाटीत हा शब्द आधीपासून आहे.

आणि ॲसिड म्हणजे आम्ल, म्हणजे आंबट.
"आंबट हाय का गो तं?"
मी चाखलं नाही. पण आंबट म्हणजे
हातचं सोडणारं. पाण्यात उतरलं
की आपल्याकडचा हायड्रोजन देऊन टाकतं
आणि स्वतः उणं होऊन बसतं.
म्हणून तर वीज लावली की
धन टोकाकडे सरकत जातं हळूहळू,
रोज बघते मी, जेलच्या चकतीत.
"देऊन देऊन उणं?
मंग तं बाईमाणूस आसंल."

ज्याने ते पहिल्यांदा वेगळं काढलं
त्याने इस्पितळातून वापरलेल्या पट्ट्या मागून आणल्या,
जखमांचा पू धुऊन घेतला त्यांच्यातला.
पुढे तो माशांकडे वळला.
हे ऐकून आईने सुरी खाली ठेवली.
माझ्या नोकरीकडे तिने आदराने पाहिलं
ते त्या दिवशी पहिल्यांदा.

खरं तर नाव पुरतं बरोबर नाही.
ज्या जंतूंना गाभाच नसतो
त्यांच्यातही ते निघालं नंतर.
पण कुणी बदललं नाही.
नवी मुंबईचं तरी कुठे बदललं?
माझ्या जन्माआधीपासून नवीच आहे.

रविवारी अडीच किलोचा जिताडा आला, नर.
पोटातली पांढरी पिशवी मी मागून घेतली.
खलात घोटली. मीठ, पाणी,
भांड्यांचा साबण दोन थेंब, मग गाळणं,
आणि काचेच्या ग्लासाच्या कडेने सोडलं
फ्रीजमध्ये गार केलेलं स्पिरिट.
दोन पाण्यांच्या मधोमध
धुकं धरलं. धुक्याचे धागे झाले.
झाडूचा हीर फिरवला, गुंडाळून आले वर.

हेच का?
हेच. यात चार अक्षरं आहेत, फक्त चार,
पण ओळ इतकी लांब की
जिताडा कसा करायचा ते सगळं लिहिलेलं,
खवल्याच्या चमकीपर्यंत.
याचं धाकटं भावंड आरएनए,
ते निरोप उतरवून घेऊन गाभ्याबाहेर जातं,
काम झालं की मोडून टाकतात त्याला.
हे मात्र घर धरून राहतं.

"जिताडा आदी नर आसतो," आई म्हणाली,
"मोठा झाला का मादी होतो. ठाव हाय ना तुला?
मंग आतलं लिवलेलं बदलतं का?"

नाही. अक्षरं तीच.
कुठलं पान उघडायचं ते बदलतं.

ती बराच वेळ हीर उजेडाकडे धरून बसली.
खिडकीबाहेर जेट्टीवर ओहोटी,
चिखलात रुतलेली आमची होडी,
बाबा गेले त्या वर्षापासून
जिचं इंजिन ती स्वतः ओढून चालू करते.

"तीच तं," ती म्हणाली.
कशाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

मग उठली, धागे बोटाने हिरावरून ओढले,
मागच्या दारी जाऊन खाडीत टाकले,
आणि ग्लास राखेने घासायला घेतला, दोनदा,
स्पिरिटचा वास जाईना म्हणून.