सूचक : मी

दुधराम शिपाई रजिस्टर घेऊन दारात.
"काकी, सही मार. कोरम भरला नाही."
हाताला धानाचा कोंडा.
म्हटलं, थांब, चष्मा आणते.

ठराव नंबर सात :
बोडीचा गाळ काढणे रद्द.
त्या पैशात गावाला कमान, लायटिंगसह.
सूचक : इमलाबाई नेवारे.
अनुमोदक : माझी जाऊ,
जी दिवाळीपासून हैदराबादला
विटा उचलते.

"मी कधी बोलली रे हे?"
"असंच असते काकी.
बोलल्यावर लिहाले बसलं
तर रात होईल."

औंदा बोडीत म्हशीचं पोट भिजलं नाही,
आणि मी म्हणे कमान मागितली.

सही नाही केली.
मंगळवारी शाळेत गेली,
टाटपट्टीवर, पार समोर.
पाय आखडले. चहा आला, पुढच्या खुर्च्यांतच संपला.
ग्रामसेवक म्हणे, "बाई, काही काम होतं?"
म्हटलं, मागच्या खेपेला
मी लय चांगली बोलली म्हणतात.
ऐकाले आली.

कोणी हसलं. मग कोणीच नाही.
दाराजवळून फुलन कोहळे उठली,
कडेवरचं पोर खाली ठेवत :
"माझंबी पाहा जी सायेब,
मी काय काय बोलली ते."

पानं उलटायचा आवाज
बराच वेळ येत राहिला.