डावा बूट

कोर्टाच्या तळघरात, कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीला लागून
माझी खोली. माजी सैनिक सेवा, काउंटी कार्यालय.
मंगळवारी आणि गुरुवारी मी इथे असते.
बाकीचे दिवस व्हॅनमध्ये: म्हाताऱ्यांना दीडशे मैल
फार्गोच्या इस्पितळात नेणारी ड्रायव्हरही मीच.

वर्ना टोलेफसन आल्या तेव्हा बाहेर उणे बावीस होतं.
वय एक्याण्णव. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
काखेत कागदी पिशवी.
"मला काही मागायचं नाहीये," बसता बसता म्हणाल्या.
इथे येणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच.
मी कॉफी ओतली.
दुसऱ्या वाक्याची वाट बघायची,
या नोकरीत एवढंच शिकलेय मी.

दुसरं वाक्य प्रोपेनच्या बिलाचं निघालं.
तिसरं सेल्मरचं.
कोरिया, पन्नास सालचा डिसेंबर.
गेल्या मार्चात गेले. आधी पाय काळा पडत गेला,
मग बाकीचा माणूस.
दाखल्यावर कारण लिहिलंय: रक्ताभिसरण.
कोरियाचं नाव नाही त्यात.

सेंट लुइसला मी त्यांचे कागद मागितले.
चार ओळींचं उत्तर आलं: त्र्याहत्तरच्या आगीत जळाले.
तेव्हा मी दोन वर्षांची होते,
तरी त्या आगीची राख
अजून माझ्या टेबलावर पडते, महिन्यातून एकदा तरी.
सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात.
आमच्याकडे सहा महिन्यांनी एवढंच कळतं
की तुमचं पत्र पोचलं.

डब्यात पत्रं होती, सगळी आईला लिहिलेली.
आईला कोण खरं लिहितं?
मी बरा आहे. जेवण ठीक. इथे जरा थंडी आहे.
जरा!
मी विचारलं, "त्यांचा पाय कसा होता?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
मग पिशवीतून बूट काढला. डावा.
पुढच्या टोकात लोकरीचा बोळा, घट्ट दाबलेला.
"दोन बोटं तिकडेच राहिली.
दर हिवाळ्याआधी मी ताजी लोकर भरायची,
शेजारच्या हाल्वर्सनच्या मेंढ्यांची."

फॉर्ममध्ये बुटाला रकाना नाही.
शेजारी पट्टी ठेवून मी त्याचा फोटो काढला,
'अन्य पुरावा असल्यास जोडावा' इथे जोडला.
मग त्यांचं निवेदन टाइप करायला घेतलं.
"अपंग? तो शब्द खोडा. तो नाचायचा."
"मग काय लिहू?"
"लिहा, डावीकडे वळताना तो माझा आधार घ्यायचा,
आणि हॉलमधल्या लोकांना वाटायचं
तो मला फिरवतोय."
लिहिलं. जसंच्या तसं.

पलटणीतला एकच साथीदार सापडला, मोंटानात,
पंचाण्णव वर्षांचा, दोन्ही कानांनी बहिरा.
नात फोनवर ओरडून ओरडून विचारत होती.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला,
"टोलेफसन? त्याचे बूट मीच कापले होते. कातडीसकट."
सही वाकडी आली, पण आली.

अर्ज गेला त्याला आता चौदा महिने झाले.
मधल्या काळात काउंटीच्या सभेत कुणीतरी विचारलं,
आठवड्यातून दोन दिवस हे ऑफिस लागतं कशाला?
मी आकडे दिले. बुटाचं बोलले नाही.
निकाल आलेला नाही.

त्या पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, बूट राहू दे फाइलबरोबर.
"छे, तो दाराजवळ असतो," म्हणाल्या,
आणि पिशवीत घालून निघाल्या.
बाहेरच्या पायऱ्यांवर बर्फ होतं, मीठ टाकलेलं नव्हतं.
वळणावर आम्ही दोघी एकदम घसरलो,
एकमेकींना धरून उभ्या राहिलो.
समोरून जाणाऱ्या टपालवाल्याला वाटलं असेल,
मी त्यांना सांभाळतेय.