खाच

रंग वाळला की माझं पहिलं काम, तो फाडणं.
पट्टी ठेवायची, कार्बाइडचं टोक टेकवायचं
आणि एका दमात ओढायचं
खालचं पोलाद चकाकेपर्यंत.
मग पेटीत. पस्तीस अंश, रात्रंदिवस धुकं,
धुक्यात मीठ.
जखमेवर मीठ चोळणं ही आमच्याकडे
नुसती बोलायची गोष्ट नाही. नोकरी आहे,
आठ ते चार, दर शुक्रवारी नोंद.
फेरोलच्या खाडीवर वारा पश्चिमेचा असला
तर पेटीच्या आत आणि बाहेर
फारसा फरक उरत नाही.

समुद्रात पवनचक्क्या रोवणारे लोक येतात.
विचारतात, किती वर्षं?
मी सांगते, एक हजार चारशे चाळीस तासांनी
गंज खाचेपासून दीड मिलिमीटर सरकला.
ते मान डोलावतात. बरोबर, पण वर्षं किती?
शुर्शो फळ्यावर पंचवीस लिहितो
आणि डोक्यावर एक बारीक चांदणी काढतो.
चांदणीचा अर्थ अहवालात एकेचाळिसाव्या पानावर आहे.
तिथवर कुणी पोचत नाही.

आमच्या डब्यात जस्त. वजनाच्या ऐंशी टक्के.
त्याचं काम एकच, लोखंडाच्या आधी संपणं.
खाच पडली की ते कडेकडेने विरघळतं,
पांढरी भुकटी होतं,
आणि ती भुकटीच भोक बुजवते.
पुस्तकात याला बलिदान म्हणतात.
मला तो शब्द आवडत नाही.
जस्ताला कुणी विचारलं होतं?

बाबांच्या वेळी शेंदूर होता.
खरा, शिशाचा, जवसाच्या तेलात कालवलेला.
गोदीत जहाजांच्या पोटाखाली उताणे पडून
एलादिओ बारेइरो तेहतीस वर्षं तो फासत राहिले.
पावाच्या तुकड्यावर बोटांचे केशरी ठसे उठायचे.
आई म्हणायची, आधी हात.
हात धुतले जायचे.
रक्त कसं धुणार?

आता शिसं बंद. बरंच झालं.
त्याच्या तोडीचं काहीतरी शोधायचा
मला पगार मिळतो.

भूशिरावर आमच्या चौकटी आहेत,
पत्रे समुद्राकडे तोंड करून तिरके बसवलेले,
प्रत्येकाला नंबर.
खालच्या रांगेतल्या शेवटच्या पत्र्याला नंबर नाही.
त्यावर तळघरातल्या शेवटच्या डब्याचे दोन हात.
अकरा हिवाळे गेले. शेजारी किती आले, सोलले, उतरवले.
हा फिका पडलाय, खडूसारखा,
गंज आहे तो खाचेत, खाचेबाहेर पाऊल नाही.
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही.

रविवारी त्यांना घेऊन गेले.
चष्म्यावर मीठ साचलं, तो त्यांनी मला पुसायला दिला.
मग वाकले. खाचेवर बोट ठेवायला गेले,
बोट थरथरत दोनदा बाजूला पडलं.
म्हणाले, "ही रेघ कुणाची? सरळ आहे."

"तुमचीच."

बराच वेळ बघत राहिले.
"पट्टी धरली असेल."

"नाही," मी म्हटलं, "पट्टी नव्हती."
त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले,
आणि आम्ही वाऱ्याला पाठ करून
गाडीपर्यंत चालत आलो.