जरा सरक

गाण्यात शब्द दोनच आहेत, तनीशा,
आणि तू विचारतेस अर्थ काय.
शाळेच्या वहीत लिहायचंय ना?
लिही मग : डेटन, ओहायो. शहात्तर साल.
फ्रिजच्या कारखान्यात तिसरी पाळी.
लिही की क्लीओफस प्रेसवर होता
आणि प्रेसनं त्याची दोन बोटं नेली
एका मंगळवारी,
जेवणाच्या सुट्टीला चार मिनिटं उरली असताना.

भरपाईच्या पैशांत त्यानं बेस गिटार घेतली.
बोटं नव्हती, म्हणून अंगठा.
अंगठा तारेवर आपटायचा
आणि जिथं बोटांनी काही बोलायचं
तिथं तो गप्प राहायचा.
ती गप्प जागा, पोरी.
आमच्या कंबरा तिथून आत शिरल्या.

शनिवारी युनियनचा हॉल.
घडीच्या खुर्च्या भिंतीशी,
फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरलेली,
अर्नेटाचा तळलेला मासा कागदी ताटलीत, खाली तेल झिरपतंय.
ट्रम्पेटवाले दोन. त्यातला एक चर्चचा डीकन,
टोपी नाकापर्यंत ओढलेला.
ड्रमवर रस्को :
पहिल्या मात्रेवर असा कोसळायचा
जसा पाळी संपवून आलेला माणूस बुटांसकट पलंगावर.
सम ती. बाकीच्या तीन मात्रा ज्याच्या त्याच्या,
कुणी लांबवा, कुणी गिळा,
कुणी नुसता खांदा उडवा,
समेला मात्र सगळ्यांनी घरी यायचं.

आणि मग तो म्हणायचा, जरा सरक.
गायचा नाही. बाकावर म्हणतात तसं.

अलाबामात आम्ही पाच भावंडं एका गादीवर :
जरा सरक.
तिथल्याच बसमध्ये एकानं माझ्या आईला म्हटलेलं,
आवाज वेगळा. आई उठली होती.
मी तिच्या कडेवर.
फोरमनही म्हणायचा, आमची नावं ठाऊक असून.
तेच दोन शब्द त्या रात्री
तुझ्या आजोबांनी, तेव्हा ते कुणाचे कुणी नव्हते,
कंबरेनं म्हटले माझ्या कंबरेला
आणि मी सरकले नाही.

सोमवारी प्रेस नेहमीसारखी आदळत होती
आणि अख्ख्या लाइनीच्या माना तिच्यावर डुलत होत्या.
फोरमन नियमांचं पुस्तक चाळत राहिला.
काम तर चालू होतं!

आता तिथं गवत आहे. क्लीओफस जाऊन नऊ वर्षं झाली.
रेकॉर्डवर ओरखडा आहे, तिसऱ्या मिनिटाला,
सुई अडकते : सरक, सरक, सरक,
मग मीच उठून बोटानं ढकलते.

ते सगळं नको लिहूस. बाईंना कळायचं नाही,
किंवा कळेल, आणि मग काय करतील बिचाऱ्या.
वही मिट.
ते टेबल त्या टोकाला धर, भिंतीशी लावू.
गुडघ्याचं माझं मी बघते.