दर तीन इंचांवर गाठ

निकुंभ मास्तर सकाळी आठलाच शटरपाशी उभे.
इस्त्रीचा शर्ट, खिशात शेंगदाण्याची पुडी.
"आज दुकान बंद. गाडी काढ."
कळवा नाक्यावर इतकी वर्षं
रिक्षांचे हूड, सीटची कव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या
शिवणारा हा माणूस
पाडव्यालासुद्धा शटर अर्धं उघडं ठेवतो.
मी काही विचारलं नाही. हेल्मेट दिलं.

करावेच्या बांधावर माणसं मावत नव्हती.
पोरं खांद्यावर, मोबाइल हवेत, कुल्फीवाला चिखलात.
पहिलं जेट आलं, म्हणजे आधी गेलं,
आवाज मागाहून आला,
खाडीतले सगळे रोहित पक्षी
झटकलेल्या ओढणीसारखे एकदम उठले.
लोक ओरडले.
मास्तर शेंगदाणे सोलत होते.
"ते पत्र्याचं काम," एवढंच बोलले.

मग भोंग्यातून बाई म्हणाली,
आता आपल्या भेटीला येत आहे टायगर मॉथ.
मास्तरांनी पुडी माझ्या हातात दिली
आणि उभे राहिले. काठी न घेता.

पिवळं, दोन मजली पंखांचं,
इतकं हळू, की एक बगळा त्याच्या पुढे निघून गेला.
शेजारचा पोरगा हसला, "अरे, हे पडणार!"
मास्तर ओठ हलवत होते.
मला वाटलं, काही म्हणताहेत देवाचं.
जवळ गेलो. मोजत होते.

जोधपूरच्या हँगरात मास्तर विमान शिवायचे.
खरंच शिवायचे. लिननचं कापड,
मेण लावलेला दोरा, वीतभर लांब सुई,
पंखाच्या पोटातून पाठीत, पाठीतून पोटात,
आणि दर तीन इंचांवर गाठ.
वरून डोपचा हात. त्याचा वास
पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा,
कोरडा झाला की कापड असं ताणायचं
की टिचकी मारली तर डग्गा बोलायचा.
एकदा एक शिकाऊ पोरगा शेतात उतरला,
मदत आणायला गावात गेला,
तेवढ्यात गायीनं डावा पंख चाटून खाल्ला.
रात्रभर कंदिलाशी बसून शिवला त्यांनी.
सकाळी उडाला.
हे मला आज कळलं, सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर.

"मास्तर, तुमचं का हे?"
"छे रे. कापड किती टिकतं?
माझं केव्हाच कुजून उंदरांनी नेलं असेल."
विमान वळलं. उन्हाकडे पंख झाला,
आणि क्षणभर त्याच्या फासळ्या दिसल्या,
पान उजेडाला धरल्यावर दिसतात तशा.
मास्तर डोळ्यांवर हात धरून पाहत राहिले,
खाडीपलीकडच्या डोंगराकडे तो ठिपका जाईपर्यंत.

"फडफड नाही कुठे," ते म्हणाले.
"कुणीतरी बसून शिवलंय."
मग पुन्हा, मला नाही, कोणालाच नाही,
"बसून शिवलंय."

पुढची विमानं त्यांनी पाहिली नाहीत.
धुरानं आकाशात काय काय काढलं,
मीही नीट पाहिलं नाही.

परतताना दिघ्याच्या सिग्नलला
पुढे एक रिक्षा, हुडाची कड उसवलेली,
वाऱ्यानं पाल चुकचुकावी तशी चुकचुकणारी.
मास्तर मागून वाकले, हात लांब केला,
उसवलेल्या कडेवर बोट फिरवलं.
एक गाठ. मग कितीतरी कोरं कापड. मग गाठ.
"पाच इंच," ते म्हणाले. "कोणाचं काम?"

हिरवा दोरा.
गेल्या महिन्यात, शनिवारी, संध्याकाळी,
गिऱ्हाईक घाई करत होतं.

सिग्नलचे आकडे उतरत होते, बेचाळीस, एक्केचाळीस.
मी हेल्मेटची काच खाली ओढली.
मास्तरांचा हात अजून त्या कापडावर होता.