रकाना

बाणगंगेच्या फाटकाशी एक गाय उभी असायची,
शहरानं गुरं बाहेर काढली त्याच्या आधी.
भिंतीचा चुना चाटायची, सुतळी चघळायची.
एकदा पोहेवाल्याच्या गाडीमागे
कुणाची तरी एका पायातली रबरी चप्पल
तिनं इतक्या निवांतपणे संपवली
की मालक दुसरी हातात धरून नुसता बघत राहिला.
लोक हसले.
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, मीही हसले.

तिच्या हाडांतून फॉस्फरस ओसरत होता
आणि ती दिसेल त्या वस्तूला दातांनी विचारत होती,
तुझ्यात आहे का, तुझ्यात?
हे मला सांवेर रोडनं शिकवलं. फार नंतर.

इथं आम्ही ते पोत्यात भरतो.
टाकीत चुनखडीची पूड पाण्यात कालवलेली,
वरून आम्लाची बारीक धार,
घाई केली की फसफसून अंगावर येतं.
मग दाट होतं, रबडीसारखं,
गाळणीच्या कापडावर वड्या धरतं,
भट्टीच्या नळकांड्यात गडगडत कोरडं होतं.
पोत्यावर छापलेली गाय मात्र परदेशी,
गुबगुबीत, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी.
गेटावरचा कडुलिंब बारा महिने पांढरा.
डब्यातल्या पोह्यांवर जीरावन आहे की कारखाना,
जिभेलाच विचारावं लागतं.

माझं काम लहान आहे.
खडकातून फॉस्फेट एकटं येत नाही,
फ्लोरिनला सोबत घेऊन येतं,
आमंत्रण एकाला आणि पानावर दोघं, तसं.
ते जास्त झालं की गुरांचे दात डागाळतात,
सांधे धरतात.
म्हणून हजारात एक भाग. त्याच्यावर गेलं
की माल परत टाकीत.
झंवर सेठ दारात येऊन उभे राहतात,
"मॅडम, एवढ्याशानं कुठली गाय मरते?"
मरत नाही. लंगडते.
मी लाल शाईनं लिहिते.
एकोणीस वर्षांत अडतीस वेळा.

वेस्ता डामोर भट्टीवर असतो. पेटलावदकडचा.
हसताना तोंडावर हात धरतो.
मला वाटायचं, लाजतो.
गेल्या ज्येष्ठात धुळीनं शिंक आली, हात सुटला,
आणि जे मी पुस्तकातल्या वासराच्या जबड्यात पाहिलं होतं
ते समोर उभं:
आडव्या तपकिरी रेघा,
वहीवर कुणी चहाचा कप ठेवून उचलावा तशा.

"हापशाचं पाणी," तो म्हणाला.
"आमच्या फळियात सगळ्यांचेच. धाकटीचे पण."

गावाहून परतताना त्यानं पाणी आणलं.
मी तेच यंत्र लावलं, तोच इलेक्ट्रोड,
पुसून, धुऊन, दोनदा.
दीड चालतं.
चार पूर्णांक सहा आलं.

नोंदवहीत रकाने ठरलेले:
तारीख, पाळी, टाकी, ओलावा, फ्लोरिन, शेरा.
टाकीपाशी पेन अडलं. मग लिहिलं, फळिया.
ओलावा रिकामा सोडला, सगळाच ओलावा होता तो.
शेऱ्यात हात सवयीनं लिहून गेला:
परत पाठवावे.

कुठं, ते संध्याकाळी सेठनी विचारलं.
वही उलटी धरून, चष्मा कपाळावर.
मी काही बोलले नाही.
त्यांनी पान फाडलंही नाही, हे लिहून ठेवायला हवं.

वेस्तानं फक्त एवढंच विचारलं,
"गाईला चाललं असतं?"

"नसतं."

त्यानं मान हलवली,
उरलेल्या वड्या फावड्यानं भट्टीत सारल्या.
पाळी सुटताना खिडकीशी आला.
बाटली परत हवी होती.
निळी, पट्टा तुटलेली,
धाकटी शाळेत नेते ती.

मी ती शुद्ध पाण्यानं विसळली,
तीनदा,
जशी नमुना घेण्याआधी विसळतात.