तीन मीटर

सुरगाण्यापुढे डांबर संपलं.
चंद्रभान म्हणाला, जीप इथंच, मॅडम,
आणि यंत्राची पेटी माझ्या खांद्याला अडकवली.
जीपच्या दारावर संस्थेचं नाव,
त्यातलं एक अक्षर बाभळीनं खरवडलेलं.

वरलापाडा, खाललापाडा,
मध्ये वरईचा एक उतार.
सहा पावसाळ्यांत दोन डोकी फुटली, एक सोयरीक मोडली,
वनहक्काचे एकवीस दावे
प्रांत कचेरीत एकाच सुतळीत बांधून पडले.
आमच्या अहवालात मात्र रकाना एवढाच:
वाद मिटला, होय किंवा नाही.

डाव्या हाताला येसू धूम, उजव्या हाताला सोनजी भोये,
मध्ये मी, दर वीस पावलांवर उपग्रहाला विचारत.
पोरं मागून ओरडत होती,
बाई आभाळाशी बोलतेय, बाई आभाळाशी बोलतेय.

येसूनं त्याचा दगड दाखवला.
सोनजीनं त्याचा.
टेप ताणली: पावणेतीन मीटर.
आणि यंत्राच्या काचेवर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत
चूक, अधिक-उणे तीन.

नाशिकला, कॉलेज रोडवरच्या थंड खोलीत,
प्रशिक्षणात हे कुणी विचारलं नव्हतं.
झाकता आलं असतं अंगठ्यानं.
मी वाचून दाखवलं.

कुणी हसलं नाही.
येसूनं विडी पेटवली, सोनजीकडं न बघता काडी पुढं केली.

मग ठकीबाई गावित, जिचा दावा कुठल्याच यादीत नाही,
शेळ्या हाकत हाकत म्हणाली,
त्या पट्ट्यातच तर वाघदेव बसलाय.
वाघबारशीला दोन्ही पाडे तिथंच कोंबडं कापता,
मग त्याची जागा
कुणाच्या नावावर लावताय, सांगा की.

नमुन्यात सामाईक असा शब्द नव्हता.
मी समासात पेनानं लिहिला.
वनहक्क समितीचे अकरा अंगठे
त्या शब्दाभोवती दाटीवाटीनं उमटले,
एक तर थेट त्याच्यावरच.

कारकुनानं विचारलं, हे काय?
सात फेऱ्या मारल्या त्याचं उत्तर द्यायला.
मार्चमध्ये निधी संपला. जीप विकली.

परवा चंद्रभानचा फोन आला:
सोनजीनं पट्ट्याच्या कडेला वाल लावला होता,
येसूच्या शेळ्यांनी खाल्ला.
दिवसभर शिव्या चालल्या म्हणे दोन्ही पाड्यांत.
संध्याकाळी येसूनं
दोन पायली नागली पाठवली, कमी मोजून.

कुठल्या रकान्यात लिहू हे?